हिऱ्यातला नायट्रोजन: 'टाइप' ओळखायला शिकणाऱ्यांसाठी

दुकानात नवा लागलेला मुलगा असो की जेमॉलॉजीच्या कोर्सला पहिल्या महिन्यात बसलेली मुलगी, चार 'सी' सगळ्यांना तोंडपाठ असतात. कॅरेट, कलर, क्लॅरिटी, कट. मग एक दिवस एखाद्या रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरांत 'टाइप टू-ए' दिसतं आणि गाडी अडते. सिनियरला विचारलं तर तो म्हणतो, "चांगला असतो." बस, एवढंच.

टाइप म्हणजे हिऱ्यात कार्बनखेरीज नायट्रोजन किंवा बोरॉन आहे का आणि तो कसा बसलाय, यावरून पाडलेला वर्ग. चांगला-वाईटाशी त्याचा तसा संबंध नाही. भाव ठरवायला चार सी लागतात. पण दगड जमिनीतून आला की यंत्रातून, त्याला तापवून गोरा केलाय का, या प्रश्नांची सुरुवात टाइपपासून होते. लॅबग्रोनच्या दिवसांत नवशिक्याने ही गोष्ट पहिल्या आठवड्यातच शिकून घ्यावी, असं माझं मत आहे. आमच्या वेळी ती सगळ्यात शेवटी शिकवायचे, आणि त्यामुळे माझी एकदा चांगलीच फजिती झाली. ते पुढे येईलच.

आधी टेबल मांडा

दहापटीचा लूप घ्या. सुरतेकडची मंडळी त्याला आयग्लास म्हणतात. टोकाला खाचा असलेला चिमटा, धागे न सोडणारं कापड, पांढरा कागद, कॅरेटचा काटा. १ कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम आणि त्याचा शंभरावा भाग म्हणजे सेंट, हे एकदा डोक्यात बसवा, कारण बाजारात कुणी ग्रॅममध्ये बोलत नाही. ३६५ आणि २५४ नॅनोमीटरचा, दोन बटणांचा यूव्ही दिवा लागेल. त्यातला २५४ चा प्रकाश डोळ्यांना आणि कातडीला इजा करतो, तेव्हा यूव्ही अडवणारा चष्मा आणि हातमोजे यांची चालढकल नको. जमलं तर उष्णता आणि वीज दोन्ही तपासणारा टेस्टर घ्या.

आणि हो, मूठभर हरभरे रात्री भिजत घाला. सोबत थोडे हिरवे वाटाणे आणि टूथपिकची डबी.

पहिली पायरी: हरभऱ्याचा हिरा

एक हरभरा घ्या आणि त्यात चार टूथपिक अशा खोचा की चारही एकमेकींपासून सारख्याच दूर राहतील. पहिल्या खेपेला जवळजवळ प्रत्येक जण अधिकच्या चिन्हासारखा सपाट फुलीचा आकार करतो. तो मोडा. तीन काड्या खाली तिपाईसारख्या पसरलेल्या आणि चौथी वर उभी, असं करा. कुठल्याही दोन काड्यांमधला कोन १०९.५ अंशांच्या आसपास आला की जमलं. आता प्रत्येक काडीच्या टोकाला एकेक हरभरा लावा आणि त्यातूनही तशाच तीन-तीन काड्या काढा. वीस-पंचवीस हरभरे झाले की मांडणी स्वतःच्या पायावर उभी राहते. दाबली तरी ती दबत नाही.

हिरा म्हणजे हेच. प्रत्येक कार्बन अणूने चार शेजाऱ्यांचे हात धरलेले, कुणाचाही हात मोकळा नाही, आणि दोन अणूंमधलं अंतर ०.१५४ नॅनोमीटर. मोह्सच्या मापावर दहाची कठीणता, २.४२ चा अपवर्तनांक, तांब्याच्या जवळपास पाचपट उष्णतावहन, हे सगळं या घट्ट हातधरणीतून येतं. त्याच हरभऱ्यांना तीन-तीनच काड्या एका पातळीत लावल्या तर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी सपाट चादर तयार होते. अशा चादरी एकावर एक ठेवल्या की ग्रॅफाइट. पेन्सिलीतलं शिसं आणि अंगठीतला हिरा यांत पदार्थाचा फरक नाही, फरक काड्या कशा खोचल्या त्याचा. स्मिथसन टेनंट या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १७९७ मध्ये हिरा तोलून जाळला. तेवढ्याच वजनाच्या कोळशातून जितका कार्बन डायऑक्साइड निघतो, तितकाच त्यातून निघाला. हिरा म्हणजे निव्वळ कार्बन, हे तेव्हा पक्कं झालं.

मांडणी मोडायच्या आधी एक गंमत करून बघा. पट्टी घेऊन ती वेगवेगळ्या दिशांनी आडवी कापायचा प्रयत्न करा. काही दिशांना फारच थोड्या काड्या आडव्या येतात. हिऱ्यात अशा चार दिशा आहेत आणि त्या दिशेने घाव बसला तर तो सरळ चिरतो. ऐरणीवर ठेवून घण मारला तरी फुटत नाही तो खरा हिरा, ही आपल्याकडची जुनी परीक्षा. त्या परीक्षेत नापास झालेले किती हिरे खरे होते, देवच जाणे! ओरखडा न उठणं वेगळं आणि घाव सोसणं वेगळं. हे जडाईच्या कारागिराला पुस्तक न वाचताही ठाऊक असतं. टोकदार कोपऱ्यावर नखी दाबताना तो श्वास रोखतो ते उगाच नाही.

दुसरी पायरी: हा हिराच आहे ना?

टाइप नंतर. आधी समोरचा दगड हिरा आहे याची खात्री करा.

ज्याला गिऱ्हाईक 'अमेरिकन डायमंड' म्हणतं, तो क्युबिक झिर्कोनिया काट्यावरच पकडला जातो. ६.५ मिलिमीटर व्यासाचा, नीट घडवलेला गोल हिरा साधारण १ कॅरेट भरतो. त्याच मापाचा झिर्कोनिया दीडपटीहून जास्त वजन दाखवतो. मॉयसनाइट मात्र चकवतो. तो सिलिकॉन कार्बाइड आहे आणि उष्णता हिऱ्यासारखीच झपाट्याने नेतो, म्हणून साधा पेन-टेस्टर त्याला खुशाल 'डायमंड' म्हणतो. त्याच्यासाठी लूप काढा. टेबलातून, म्हणजे हिऱ्याच्या वरच्या सपाट पैलूतून, सरळ बघू नका. बाजूच्या पैलूतून तिरकं बघून मागच्या पैलूंच्या कडा न्याहाळा. मॉयसनाइटमध्ये एका कडेच्या दोन दिसतात, जणू चष्म्याचा नंबर चुकलाय. हिऱ्यात प्रकाशाची अशी दुफळी होत नाही.

या पायरीवर याहून जास्त वेळ घालवू नका.

तिसरी पायरी: हरभऱ्यांत वाटाणे

आता खरी गोष्ट. निसर्गातला हिरा शंभर टक्के कार्बन कधीच नसतो. आवर्तसारणीत कार्बनच्या एका बाजूला बोरॉन बसतो, दुसऱ्या बाजूला नायट्रोजन. दोघेही आकाराने कार्बनच्या जवळचे, म्हणून मांडणीत घुसू शकतात. मात्र नायट्रोजनकडे कार्बनपेक्षा एक इलेक्ट्रॉन जास्त आणि बोरॉनकडे एक कमी. हिऱ्याचं सगळं वर्गीकरण या एका जास्त-कमीवर उभं आहे.

तुमच्या मांडणीतला एक हरभरा काढून तिथे वाटाणा लावा. तो नायट्रोजन. किती वाटाणे आहेत हा पहिला प्रश्न आणि ते कसे बसलेत हा दुसरा.

वाटाणे दिसण्याइतके असतील तर टाइप वन, नसतील तर टाइप टू. 'दिसण्याइतके' म्हणजे इन्फ्रारेड यंत्राला दिसण्याइतके, दहा लाख अणूंत काही मोजके. भरगच्च हिऱ्यात ते प्रमाण दहा लाखांत ३००० पर्यंत जातं, म्हणजे हजार अणूंत तीन. ऐकायला फार वाटत नाही, पण तेवढ्याने दगडाचं नशीब बदलतं.

टाइप वनचे पुढे दोन फाटे. वाटाणे एकेकटे, दूर दूर विखुरलेले असतील तर वन-बी. घोळक्याने असतील तर वन-ए. निसर्गातले ९५ टक्क्यांहून जास्त हिरे या वन-एमध्येच बसतात. एकेकट्या नायट्रोजनचे वन-बी हजारात एखादा. वन-एमधले घोळकेही दोन तऱ्हांचे. दोन वाटाणे अगदी शेजारी-शेजारी असले तर तो 'मोठा ए' गट. मधला एक हरभरा काढून जागा रिकामी ठेवली आणि तिच्याभोवती चार वाटाणे बसले, तर 'मोठा बी' गट. बहुतेक हिऱ्यांत दोन्ही गट एकत्रच सापडतात.

टाइप टूमध्ये वाटाणे नाहीत. तिथे बोरॉन आहे का एवढंच विचारायचं. नसेल तर टू-ए, असेल तर टू-बी. टू-ए शंभरात एखाद-दुसरा, टू-बी तर हजारातही मुश्किलीने.

नावांचा एक सापळा इथेच सांगून ठेवतो, कारण परीक्षेत निम्मे लोक यातच पडतात. रोमन एक आणि छोटा बी लिहिलं तर अर्थ 'सगळे एकेकटे'. रोमन एक, छोटा ए आणि मग मोठा बी लिहिलं तर अर्थ 'सगळ्यात जास्त घोळका केलेले'. दोन्हींत बी आहे, पण ही एकाच रस्त्याची दोन टोकं. वहीत लिहिताना मी अजूनही छोट्या अक्षराखाली रेघ मारतो.

आता रंगाकडे या, कारण इथे बुद्धी उलटी चालवावी लागते. नायट्रोजनने हिरा पिवळा होतो असं सरसकट सांगतात. मग ज्यात नायट्रोजन ठासून भरलाय असा वन-ए पांढराशुभ्र कसा असतो? कारण एकटा वाटाणा आपला जास्तीचा इलेक्ट्रॉन मोकळा ठेवतो. तो निळा प्रकाश गिळतो, आणि निळा गेला की उरलेलं आपल्याला पिवळं दिसतं. दहा लाखांत काही दहांच्या घरात असे एकांडे असले तरी दगड गडद पिवळा होतो. दोघं शेजारी बसले की त्यांची गिळायची जागा दृश्य प्रकाशाच्या बाहेर, अतिनील भागात सरकते. डोळ्याला काही कळत नाही. चारांच्या गटाचंही तेच. मग बाजारात रोज दिसणारी ती फिकट पिवळसर झाक, जी रंगाच्या श्रेणीत 'के'पासून 'एम'पर्यंत आपल्याला छळते, ती कुठून येते? एका रिकाम्या जागेभोवती तीन नायट्रोजन बसले की एन-थ्री नावाचं केंद्र तयार होतं. ते ४१५ नॅनोमीटरला जांभळा प्रकाश शोषतं आणि हलका पिवळा रंग देतं. हेच केंद्र यूव्हीखाली निळं चमकतं. म्हणजे पिवळसर झाक आणि निळा फ्लुरोसन्स हे बरेचदा एकाच घरचे.

वाटाणे घोळका करतात तरी कसे? ते सरकतात. घन, जगातल्या सगळ्यात कठीण पदार्थात, एकेक अणू जागा बदलतो. जमिनीखाली १५० ते २०० किलोमीटरवर, हजार अंशांच्या वरच्या तापमानात, कोट्यवधी वर्षं. आधी एकटे सुटे, मग जोड्या, मग फार फार काळाने चारांचे गट. आपल्या हातातले बहुतेक नैसर्गिक हिरे १०० ते ३५० कोटी वर्षांचे आहेत, त्यांना हा वेळ मिळाला. ही एक ओळ नीट लक्षात ठेवा, पुढचं सगळं तिच्यावर आहे.

थोडा इतिहासही. जुन्या रत्नपरीक्षेच्या ग्रंथांत हिऱ्याला माणसांसारखे चार वर्ण दिले होते, पांढऱ्याला ब्राह्मण, पिवळ्याला वैश्य वगैरे. आजची विभागणी १९३४ ची. रॉबर्टसन, फॉक्स आणि मार्टिन यांना दिसलं की काही हिरे अतिनील प्रकाश अडवतात आणि काही तो आरपार सोडतात. इन्फ्रारेडमध्येही तेच दोन गट पडतात. त्यांनी वन आणि टू असे शिक्के मारले, पण कारण कळलं नव्हतं. ते कळायला १९५९ उजाडलं. कायझर आणि बाँड यांनी दाखवलं की हा सगळा खेळ नायट्रोजनचा आहे. मधल्या पंचवीस वर्षांत आपल्या बंगळुरूत सर सी. व्ही. रामन हिऱ्यांच्या मागे हात धुऊन लागले होते. त्यांचा रत्नसंग्रह आजही तिथल्या रामन संशोधन संस्थेत आहे. हिऱ्याची खूण म्हणून सगळ्या लॅबमध्ये जी १३३२ प्रति सेंटीमीटरची रेषा शोधतात, ती रामन यांच्याच नावाच्या पद्धतीने मिळते. ती रेषा 'हा हिरा आहे' एवढं सांगते. टाइप नाही सांगत.

चौथी पायरी: अंधारात

खोली पूर्ण काळोखी करा. मोबाइलचा उजेडही नको. डोळे सरावायला दोन-तीन मिनिटं द्या, घाई करणाऱ्याला काहीच दिसत नाही.

आधी ३६५ चं बटण. नैसर्गिक हिऱ्यांपैकी २५ ते ३५ टक्के चमकतात, आणि चमकणारे बहुतेक निळे. भरपूर निळा दिसला तर एन-थ्रीकडे, म्हणजे वन-एकडे बोट दाखवा. मग २५४. वन-ए बहुधा इथे फिका पडतो. उलट, ३६५ ला मंद आणि २५४ ला जोरात चमकणारा बिनरंगी दगड दिसला तर तो बाजूला काढा. दिवा बंद केल्यावरही बघत राहा. काही सेकंद, कधी मिनिटभर मागे रेंगाळणारा निळसर-हिरवट उजेड दिसला तर एचपीएचटी (प्रचंड दाब आणि उष्णता) पद्धतीने लॅबमध्ये बनलेल्या दगडाची दाट शंका घ्यायची. मोबाइल स्टँडवर लावून व्हिडिओ घेतला तर ही शेपटी डोळ्यांपेक्षा चांगली दिसते.

दुसरा प्रयोग आरपारचा. काळ्या जाड पुठ्ठ्याला हिऱ्यापेक्षा लहान भोक पाडा, त्यावर हिरा टेबल खाली करून ठेवा, वरून २५४ चा प्रकाश टाका आणि भोकाखाली त्या प्रकाशात हिरवा उजळणारा पडदा ठेवा. पडदा उजळला तर प्रकाश आरपार गेला, म्हणजे टाइप टू असण्याची शक्यता. अंधारच राहिला तर टाइप वन, बहुधा वन-ए. बाजूने प्रकाश गळू देऊ नका, सगळ्यात जास्त फसवणूक तिथेच होते. आणखी एक पाचर आहे: निव्वळ मोठ्या बी गटाचे हिरेही हा प्रकाश सोडतात. म्हणून 'आरपार गेला' याचा अर्थ 'पुढे तपासायला पाठवा' एवढाच. अंगठीत बसवलेल्या दगडावर हा प्रयोग होत नाही, ते सोडून द्या.

हाताशी दोन पोलरॉइड, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश सोडणाऱ्या काचा, असतील तर ते आडवे-उभे धरून मध्ये हिरा ठेवा. नैसर्गिक टू-ए मध्ये चटईच्या विणीसारखी बारीक जाळी दिसते. पृथ्वीच्या पोटात दाबला-पिळला गेल्याची ती खूण. एचपीएचटीवाल्यात जवळजवळ काहीच दिसत नाही, सीव्हीडीत, म्हणजे वायूतून थर बसवून बनवलेल्या दगडात, पट्टे दिसतात. ही नजर बसायला मात्र शंभरेक दगड बघावे लागतात.

पाचवी पायरी: आलेख वाचणं

टाइपचा शेवटचा निकाल इन्फ्रारेड यंत्रच देतं. ते तुमच्या टेबलावर नसेल, पण आलेख समोर आला तर घाबरू नका. तीन जागा बघायच्या.

मधोमध, १५०० ते २७०० च्या दरम्यान (हे आकडे नॅनोमीटर नव्हेत, एका सेंटीमीटरमध्ये मावणाऱ्या लाटांचे), ओबडधोबड टेकड्या दिसतील. त्या कार्बनच्या स्वतःच्या, म्हणून प्रत्येक हिऱ्यात असणारच. तिथे थांबू नका. उजवीकडे १००० ते १४०० च्या पट्ट्यात या. हा नायट्रोजनचा मोहल्ला. १२८२ ला उंचवटा असेल तर जोड्या, ११७५ ला असेल तर चारांचे गट, ११३० ला पसरट आणि १३४४ ला सुईसारखा टोकदार असेल तर एकांडे. पट्टा सपाट असेल तर टाइप टू. मग डावीकडे २८०० च्या आसपास नजर टाका. तिथे काही असेल तर बोरॉन, म्हणजे टू-बी.

आता माझी फजिती. कामाला लागून महिनाही झाला नव्हता. एका पुडीत १८ सेंटचा, पावसाळी आभाळासारखा फिकट निळा दगड आला. दोन्ही प्रकार तपासणारा टेस्टर लावला. 'मॉयसनाइट'. पुन्हा लावला, पुन्हा तेच. मी चिठ्ठीवर ठसठशीत अक्षरांत मॉयसनाइट लिहून पुडी परत पाठवली. तासाभरात सिनियर पुडी घेऊन आले आणि न बोलता माझ्यासमोर लूप ठेवला. कडा एकेरी होत्या. एकही दुहेरी नाही.

झालं असं की बहुतेक मॉयसनाइट वीज वाहून नेतात आणि साधे हिरे नेत नाहीत, एवढ्या एका फरकावर तो टेस्टर निकाल देतो. पण बोरॉनकडे एक इलेक्ट्रॉन कमी असतो. त्या रिकाम्या जागेमुळे टू-बी हिऱ्यातून वीज जाते, आणि त्याच कारणाने तो तांबडा प्रकाश गिळून निळा दिसतो. अशा निळ्या हिऱ्यावर तो टेस्टर चुकणारच. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात असलेला, मूळचा आपल्या कृष्णाकाठचा ४५.५२ कॅरेटचा होप हिराही टू-बी आहे. त्याच्यावर अतिनील प्रकाश टाकून दिवा घालवला की तो निखाऱ्यासारखा लाल धगधगत राहतो.

"मग हा नैसर्गिक टू-बी?" मी हरखून विचारलं. सिनियरनी टेबलावरचं छोटं जोरदार लोहचुंबक उचललं, दगड दोऱ्याला मेण लावून टांगला आणि चुंबक जवळ नेलं. दगड किंचित त्याच्याकडे वळला. आत धातूचा बारीक कण अडकला होता. लॅबमध्ये वितळलेल्या लोह-निकेलमधून वाढलेला, मुद्दाम बोरॉन घातलेला दगड होता तो.

सहावी पायरी: जमिनीतला की यंत्रातला

इथे मघाची ओळ कामाला येते. लॅबमध्ये हिरा काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत वाढतो. नायट्रोजनला घोळका करायला वेळच मिळत नाही.

एचपीएचटी म्हणजे प्रचंड दाब आणि उष्णता. वातावरणाच्या पन्नास-साठ हजारपट दाब आणि १३०० ते १६०० अंश. यात हवेतला नायट्रोजन सहज शिरतो आणि एकेकटाच राहतो, म्हणून दगड पिवळा वन-बी होतो. बिनरंगी हवा असेल तर नायट्रोजनला धरून ठेवणारे धातू आत टाकतात, मग टू-ए मिळतो. बोरॉन घातला तर टू-बी. सीव्हीडीमध्ये मिथेन आणि हायड्रोजनच्या तापलेल्या वायूतून कार्बन थरावर थर बसवतात. तिथे नायट्रोजन जवळजवळ ठेवतच नाहीत, म्हणून तो टू-ए.

आता उलटं वाचा. ठळक जोड्या आणि चारांचे गट असलेला वन-ए दगड समोर आला तर तो जमिनीतला, असं जवळजवळ निश्चित धरता येतं. 'जवळजवळ' म्हणतोय, कारण एचपीएचटी दगड नंतर पुन्हा फार तापवला तर थोड्या जोड्या त्यातही बनतात. बीकेसीतल्या भारत डायमंड बोर्सपासून सुरतेच्या कारखान्यांपर्यंत जी स्क्रीनिंग यंत्रं चालतात, त्यांतली बरीचशी याच तर्कावर उभी आहेत. वन-ए दिसला की 'पास', टू-ए किंवा इतर काही दिसलं की 'रेफर'. रेफर म्हणजे लॅबग्रोन नव्हे. गिऱ्हाइकासमोर हा शब्द उच्चारताना फार जपा. शंभरातले एक-दोन नैसर्गिक दगडही टू-ए असतात आणि तेही रेफरमध्येच पडतात. त्यांचा निवाडा मोठी लॅब द्रव नायट्रोजनमध्ये दगड थंड करून, लेझरखाली ७३७ नॅनोमीटरची सिलिकॉनची खूण वगैरे शोधून करते.

टू-ए बद्दल दुसरी सावधगिरी. काही टू-ए जमिनीतून तपकिरी येतात. हा रंग नायट्रोजनचा नाही, मांडणी पिळवटल्याचा आहे. तो प्रचंड दाबाखाली तापवून घालवता येतो, आणि १९९९ पासून असे 'गोरे केलेले' दगड बाजारात आहेत. वन-ए वर हाच प्रयोग केला तर तो पिवळा-हिरवट होतो. म्हणून मोठा, बिनरंगी आणि टू-ए असा तिन्ही गुणांचा दगड हातात आला की आनंद थोडा लांबणीवर टाकायचा.

सातवी पायरी: रिपोर्ट आणि गप्पा

नैसर्गिक हिऱ्याच्या नेहमीच्या रिपोर्टवर टाइप सहसा नसतो. तो हवा असेल तर लॅबकडून वेगळा मागवावा लागतो. लॅबग्रोनच्या बऱ्याच रिपोर्टवर मात्र शेरा असतो: सीव्हीडी पद्धतीने बनवलेला, टाइप टू-ए. याचाच काही जण गैरफायदा घेतात. "मॅडम, हा टू-ए आहे, कोहिनूर पण टू-एच होता." वाक्य खरं आहे. १०५.६ कॅरेटचा कोहिनूर टू-एच आहे, १९०५ मध्ये सापडलेला ३१०६ कॅरेटचा कलिननही. पण जवळपास प्रत्येक सीव्हीडी दगड टू-ए असतो, तेव्हा त्यात मिरवण्यासारखं काही नाही. वरच्या ओळीत 'लॅबोरेटरी ग्रोन' असं लिहिलंय का ते आधी वाचा. रिपोर्टचा नंबर लॅबच्या साइटवर टाका, आणि तोच नंबर गर्डलवर, म्हणजे हिऱ्याच्या कमरेच्या कडेवर, लेझरने कोरलाय का ते लूपखाली जुळवा.

'गोलकोंडा' शब्दाचंही तसंच. गोलकोंडा हा किल्ला आणि बाजारपेठ. खाणी होत्या कोल्लूरसारख्या, कृष्णेच्या काठी. तिथले काही जगप्रसिद्ध दगड टू-ए निघाले म्हणून व्यापारात टू-ए ला गोलकोंडा म्हणायची रीत पडली. कलिनन दक्षिण आफ्रिकेतला आहे, तेव्हा टाइपवरून गाव सांगता येत नाही.

शिकाऊ मुलं नेहमी विचारतात, पुन्हा घासला तर टाइप बदलतो का? त्यांना मी आपल्या नाशिकच्या नावाचा 'नासक' हिरा सांगतो. त्र्यंबकेश्वराचा, पुढे पेशव्यांकडे गेलेला, १८१८ मध्ये इंग्रजांच्या हाती पडलेला. तेव्हा तो ९० कॅरेटच्या आसपास होता. दोनदा पैलू पाडून आता ४३.३८ उरलाय. वजन निम्म्यावर आलं, घाट बदलला, चमक बदलली. चार सी मधले सगळे आकडे नवे झाले असतील. आतले अणू मात्र पैलू पाडणाऱ्याच्या चाकाने जागचे हलत नाहीत.

सरावासाठी एक वही करा. प्रत्येक दगडाला एक ओळ: वजन, ३६५ ला काय, २५४ ला काय, दिवा गेल्यावर काय, आरपार गेला की नाही, तुमचा अंदाज. लॅबचा निकाल आला की शेवटच्या रकान्यात लाल शाईने तो लिहा. माझ्या पहिल्या वहीत १८ सेंटच्या निळ्यासमोर लाल शाईत तीन शब्द आहेत: 'कडा आधी बघ.'